लाम चाचाचे खजुराचे बन

दुबईहून परतून मला महिना होत आला. या महिन्यात हर्णैच्या बाजारात, बंदरावर, शाळेच्या व्हरांड्यात जो भेटला त्याने एकच विचारलं, "बाई, तिकडे सोनं काय भाव?" सोन्याच्या दुकानात मी एकदाच गेले, तेही पुतणीच्या कानातल्याची हरवलेली फिरकी बसवून घ्यायला. तेव्हा सोन्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बनपावाबद्दल मात्र पुष्कळ आहे. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी बसावं.

माझे थोरले भाऊ, इब्राहिमभाई, गेली सहा वर्षं दुबईत एका जहाज एजंटाच्या कचेरीत कारकून आहेत. भाबी आणि मुमताज ही त्यांची एकुलती मुलगी तिकडेच. मुमताजचं लग्न तिथल्याच एका बाणकोटच्या घरात ठरलं. अम्माला बोटीचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून दिवाळीच्या सुट्टीला वर रजा जोडून मी एकटी निघाले. मुंबईहून डेकच्या तिकिटावर. बरोबर कपड्यांची ट्रंक आणि अम्माने स्वतः पाच दिवस खपून केलेले रव्याचे लाडू आणि नारळाच्या वड्या, पत्र्याच्या दोन मोठ्या डब्यांत. आमच्याकडे रीत अशी, की निकाहाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात मुलीच्या घरच्या बायकांनी केलेलं काहीतरी गोड पडलं पाहिजे. विकत आणलेलं चालत नाही. अम्मा बंदरावर मला म्हणाली होती, "गो सकीना, ट्रंक गेली तरी चालेल, डबे जपून ने."

ट्रंक नीट पोचली.

बोटीवरून उतरताना

दुबईला धक्का नाही. बोट किनाऱ्यापासून मैलभर आत नांगर टाकते आणि माणसांना शिडीने खाली होडीत उतरवतात. सामान दोरांच्या जाळ्यात भरून वरून सोडतात. आम्ही पोचलो त्या सकाळी वारा सुटला होता. होडी लाटेवर कधी शिडीच्या बरोबरीला यायची, कधी पुरुषभर खाली जायची. खालचा अरब खलाशी दोन्ही हात पसरून "यल्ला, यल्ला!" ओरडत होता आणि मी मनात सगळे कलमे म्हणत होते. एका लाटेला त्याने माझं मनगट पकडलं आणि मी होडीत बसलेल्या एका पठाणाच्या मांडीवर जाऊन पडले. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला.

मग जाळं खाली आलं. ते अर्ध्यावर असताना बोट कलली, जाळ्याची एक बाजू सुटली आणि सगळ्या सामानातून नेमके अम्माचे दोन डबे पाण्यात पडले. क्षणभर दोन्ही तरंगले. खलाशाने आकड्याने एकाला ओढायला पाहिलं, तर झाकणच निघून आलं. हिरव्या पाण्यावर पांढऱ्या वड्या पसरल्या, आणि कुठून कोण जाणे, कुरव पक्ष्यांचा थवा येऊन त्यांच्यावर तुटून पडला. लाडू बुडाले. खलाशी माझ्याकडे बघून म्हणाला, "खलास." हा शब्द मला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

देरा

दुबई गावाच्या मधून समुद्राची खाडी आत गेली आहे. तिच्या एका अंगाला देरा, दुसऱ्या अंगाला बर दुबई. खाडी ओलांडायला लाकडी होड्या, त्यांना अब्रा म्हणतात. हर्णैच्या माणसाला खाडी आणि होडी पाहून बरं वाटतं, पण खाडीपासून दहा पावलं दूर गेलं की हिरवं म्हणून काही नाही. वाळू, वाळूच्याच रंगाची घरं, घरांवर वारा धरणारे चौकोनी मनोरे, आणि गल्लीत पुठ्ठे खाणाऱ्या बकऱ्या. पिण्याचं पाणी गाढवावरून डब्यांत येतं. पहिल्या दिवशी मी हात धुवायला तांब्याभर पाणी घेतलं तर भाबीने हळूच अर्धं काढून घेतलं. आपल्याकडे विहिरीवर पाणी सांडत उभ्या असलेल्या बायका मला आठवल्या आणि लाज वाटली.

डब्यांची गोष्ट ऐकून भाई खाटेवर बसले. भाबी रुकय्या एरवी मोठी धीराची बाई, तीसुद्धा खाटेवर बसली. त्या दिवशी मंगळवार होता आणि निकाह शुक्रवारी. दोनशे माणूस येणार. घरात एक स्टोव्ह. ओला नारळ या गावात औषधालाही नाही. बाजारात मस्कतचा हलवा मिळतो, पण तो नवऱ्याकडचे आणणार होते, आणि शिवाय विकतचा.

"हाजीसाहेब काय म्हणतील?" भाबी म्हणाली.

हाजीसाहेब म्हणजे नवऱ्यामुलाचे चुलते. लाकडाचे व्यापारी. मुलाचे वडील लहानपणीच गेले, यांनीच त्याला वाढवलं. माणूस सरळ, पण रीतीत एक काडी इकडची तिकडे झाली तर भर पंगतीत उठून बोलणारा. साखरपुड्याच्या दिवशी सरबत उशिरा आलं म्हणून त्यांनी प्यायलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई नमाजहून येताना कागदात काहीतरी गरम घेऊन आले. वाटोळे, वरून चकचकीत तांबूस, आपल्या मस्का पावापेक्षा लहान. मी एक मोडला. आत काळसर गोड सारण, खजुराचं, त्यात भाजलेल्या तिळाचा वास. मी सात दिवस बोटीवर डाळभात खाल्ला होता. एकापाठोपाठ तीन बन खाल्ले आणि मग विचारलं, "हे कुणाचे?"

"चिन्याचे," भाई म्हणाले. "बाजारामागे भट्टी आहे. दहा पैशाला एक. इथे एवढ्या पैशात दुसरं काही मिळत नाही."

"गो, पण हाजीसाहेबांकडे बोलू नको हां," भाबी घाईने म्हणाली. "चिनी लोक कशाची चरबी घालतात कोणाला ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. त्या गल्लीतून जातानाही नाकाला रुमाल लावतात."

मी चौथा बन हातात धरून तशीच बसले. मला वाटलं, ज्या माणसाला हे करता येतं त्याच्याकडे भट्टी आहे, आणि आपल्याकडे सहा हात आहेत.

भट्टी

मुमताजला घेऊन मी दुपारी निघाले. मसाल्याच्या बाजारामागे एक बोळ, बोळाच्या टोकाला चुन्याने रंगवलेली एकच खोली. पाटी नाही. दारात लाकडी फळीवर बन, तिळाचे तळलेले गोळे, मधोमध बदाम बसवलेली बिस्किटं, आणि अंड्याचं पिवळं सारण भरलेल्या लहानशा वाट्या. खजूर विकणारा एक इराणी आणि दोन बलुची हमाल उभ्याउभ्या खात होते. आत बनियन घातलेला, साठीचा, सडपातळ चिनी माणूस लांब दांड्याच्या फळीने भट्टीतून पत्रे ओढत होता.

मी मुमताजला मराठीत म्हटलं, "तू हिंदीत विचार, याला येत असेल."

तो माणूस मागे न वळता म्हणाला, "मराठीत विचारा की बाई. आणि भट्टीपासून लांब उभ्या राहा, पदर तापेल."

मुमताज एवढ्या मोठ्याने हसली की खजूरवालाही हसायला लागला. त्याला सगळे लाम चाचा म्हणत. जन्म मुंबईच्या माझगावचा. गोदीच्या मागे त्याच्या बापाची बेकरी. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. पाढे त्याला अजून येत होते. मी मास्तरीण आहे हे कळताच त्याने मला तेराचा पाढा म्हणून दाखवला आणि तेरा सत्ते एक्क्याण्णववर अडखळला नाही, हे बघा म्हणून मान उडवली.

मी सगळं सांगितलं. डबे, कुरव, शुक्रवार, हाजीसाहेब. चाचा ऐकता ऐकता पीठ मळत होता.

"दोनशे माणूस. म्हणजे चारशे बन. एका हातात एक बन देत नाहीत लग्नात, जोडी देतात," तो म्हणाला. "करून देतो. शुक्रवार सकाळी."

"तुम्ही करून दिलेत तर ते विकतचे झाले. हात आमचे लागले पाहिजेत."

त्याने पहिल्यांदाच पीठ सोडलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे मी बाजूला बसू, आणि तुमी माझ्या भट्टीत हात घालणार?"

"तुम्ही शिकवा. आम्ही वळतो."

"बाई, आजपर्यंत मला कोणी शिकव म्हटलं नव्हतं," चाचा म्हणाला. "सगळे म्हणतात, किती पैसे." मग जरा विचार करून, "एक अट. माझ्या भट्टीत माझं ऐकायचं. मास्तरीण बाहेर ठेवून यायची."

मी ती अट मान्य केली आणि पुढचे दोन दिवस जवळजवळ पाळली.

बुधवारी संध्याकाळपर्यंत आणि गुरुवारी सकाळपासून आम्ही तिघी तिथे होतो. खजुराच्या बिया काढायच्या, गर तुपावर परतायचा, तीळ भाजून कुटायचे. चाचाच्या बापाच्या गावाकडे, चीनमध्ये, या बनात लाल वालाचं गोड सारण भरतात. इथे ते वाल मिळत नाहीत, म्हणून त्याने खजूर धरला. "ज्या गावात जे स्वस्त, त्याचा बन," असं त्याचं शास्त्र. पिठाचा गोळा तळव्यावर घेऊन अंगठ्याने वाटी करायची, सारण घालून तोंड मिटवायचं. भाबी म्हणाली, "अगो, हे तर मोदकासारखं!" तिच्या माहेरी शेजारच्या जोशीकाकू करायच्या ते तिने लहानपणी पाहिलेलं. तिचे हात लगेच बसले. माझे पहिले दहा फुटले. चाचाने ते मोडून परत पिठात टाकले आणि म्हणाला, "चौथी नापास."

गुरुवारी सकाळी भाबी आणि मुमताज तीळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा मी चाचाला विचारलं, माझगाव सोडून इथे कसे आलात.

त्याने उत्तर दिलं ते हातातलं काम न थांबवता. चीनशी लढाई झाली त्या साली गिऱ्हाईक यायचं बंद झालं. गोदीतले लोक, ज्यांना तो वीस वर्षं पाव देत होता, ते रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. दर आठवड्याला पोलीसचौकीत हजेरी द्यायला बोलावणं येई. एका सकाळी दुकानाच्या दारावर डांबर फासलेलं होतं. मग त्याने दुकान बंद केलं, एका मालवाहू बोटीवर भटारी म्हणून चढला, आणि बोट दुबईला आली तेव्हा उतरला.

गप्प बसता आलं असतं, पण मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "चाचा, त्या साली मी शाळेच्या मुलींना घेऊन गावात फेरी काढली होती. चिन्यांच्या नावाने घोषणा दिल्या. मी पुढे होते, मुली मागून म्हणत होत्या."

भट्टीत लाकूड तडतडलं. चाचाने एक बन मिटवला, पत्र्यावर ठेवला.

"मी पण सैनिकांच्या फंडाला पैसे दिले होते, बाई," तो म्हणाला. "घरातलं चांदीचं भांडं विकून. तुमी घोषणा दिली, मी भांडं दिलं. दोघांनी एकाच बाजूला दिलं." आणि माझ्या हातातल्या गोळ्याकडे बघून, "तोंड उघडं आहे त्याचं. सारण बाहेर येईल."

मी तोंड मिटवलं. गोळ्याचंही आणि माझंही.

"घरचं कोणी आहे तिकडे?" थोड्या वेळाने भाबीने विचारलं.

"बहीण. मोठी. मेई. माझगावलाच." त्याने पत्रा उचलला. "तीन पत्रं घातली. उत्तर नाही. भांडून आलो ना."

हाजीसाहेब

त्याच गुरुवारी सकाळी, पहिला घाणा भट्टीतून निघाला तेव्हा, दारात सावली पडली. उंच माणूस, पांढरी दाढी, हातात काठी, नाकाला रुमाल. गावात काही लपत नाही, हर्णैला नाही तसं दुबईलाही नाही. भाबीच्या हातातलं तिळाचं सूप खाली आलं. मुमताज पदर ओढून पिठाच्या पोत्यामागे गेली, कारण होणाऱ्या सासऱ्यांपुढे लग्नाआधी यायचं नसतं.

"इब्राहिमच्या घरचं गोड इथे होतंय, असं ऐकलं," हाजीसाहेब रुमालातून बोलले.

मी पुढे झाले. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. "हो, हाजीसाहेब. घरचं समुद्रात गेलं. हे आमच्या हातचं आहे. भट्टी तेवढी यांची."

"आणि चरबी? ती कुणाची?"

चाचाने कोपऱ्यातला तुपाचा डबा उचलला, हाजीसाहेबांसमोर ठेवला आणि झाकण काढलं. मग दुसरा. मग फडताळाचं दार उघडलं, पिठाच्या पोत्यांवरची गोणपाटं बाजूला केली, भट्टीच्या मागची जागासुद्धा कंदील धरून दाखवली. हाजीसाहेब खरंच वाकून वाकून सगळं बघत होते. मला अपमान वाटत होता; चाचाला वाटत नव्हता. किंवा त्याला त्याची सवय झाली होती, हे मला नंतर सुचलं आणि ते जास्त वाईट वाटलं.

"हे तुमच्याच बाजारातलं तूप," चाचा शेवटी म्हणाला. "मशिदीत बांग देतात ते मौलवी रोज सकाळी माझ्याकडून सहा बन नेतात. त्यांना विचारा."

हाजीसाहेब काही बोलणार एवढ्यात बाहेरून एका बाईचा आवाज आला. "लाम चाचा, आमचे बारा काढून ठेवलेत ना?" आणि बुरख्यातली एक ठेंगणी, गुटगुटीत बाई टोपली घेऊन दारात येऊन उभी राहिली. ती आतल्या माणसाला पाहून दगडासारखी थांबली. त्या हाजीसाहेबांच्या बेगम होत्या.

भट्टीतून बनांचा वास येत होता.

"बारा?" हाजीसाहेब म्हणाले. "रोज?"

बेगमसाहेबांनी बुरखा मागे टाकला. घाबरून जाण्याचा क्षण निघून गेल्यावर माणूस जसा धीट होतो तशा त्या झाल्या. "रोज नाही तर काय? दोन वर्षं झाली. तुम्ही सकाळी चहात बुडवून खाता, तो पाव कुठून येतो असं वाटलं तुम्हाला? आणि वर मला म्हणता, बेगम, तुझ्या हाताला काय चव आहे!"

हाजीसाहेबांचा रुमाल नाकावरून हळूहळू खाली आला. त्यांनी पत्र्यावरचा एक बन उचलला, उलटा करून पाहिला, वास घेतला. मग खाल्ला. सावकाश, पूर्ण. पोत्यामागून मुमताजचं दबलेलं हसू ऐकू आलं, आणि ते थांबवायला भाबी खोकली.

"तीळ जरा जास्त भाजलेत," हाजीसाहेब म्हणाले.

"मास्तरीणबाईंनी भाजलेत," चाचाने लगेच सांगितलं.

हाजीसाहेब काठी टेकत निघाले. दारातून वळून त्यांनी चाचाला विचारलं, "उद्या निकाहाला येणार ना? जुम्म्याच्या नमाजनंतर." आणि उत्तराची वाट न पाहता बेगमसाहेबांच्या हातातली टोपली स्वतः घेऊन बोळातून चालू लागले.

शुक्रवार

सकाळी बन आणायला गेलो तर नवीनच संकट. चाचाने चारशेच्या चारशे बनांवर मधोमध लाल रंगाचा एकेक ठिपका दिलेला. त्यांच्यात लग्नाच्या खाण्यावर लाल खूण केल्याशिवाय ते शुभ होत नाही. पहाटे उठून, एका सळईच्या टोकाने, त्याने हे प्रेमाने केलं होतं.

"अगो बाई," भाबी म्हणाली, "हे तर कुंकू लावल्यासारखे दिसतात!"

पुसता येईना, रंग मुरला होता. शेवटी भाई म्हणाले, जे होईल ते होईल, इन्शाल्ला, आणि आम्ही तशीच पुडकी बांधली. निकाह लागला, दुवा झाली, छुआरे, म्हणजे खारका, वाटले गेले आणि पुडकी फिरू लागली. मी पडद्याआडून बघत होते. हाजीसाहेबांनी पुडकं सोडलं. ठिपक्याकडे पाहिलं. शेजारच्या एका वयस्कर अरबाने अरबीत काहीतरी विचारलं. हाजीसाहेबांनी मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, आणि तो अरब मान डोलावत खाऊ लागला.

ते काय म्हणाले हे मी भाईंना नंतर विचारलं. ते म्हणाले होते, "ही कोकणची रीत आहे."

चाचा आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. पंगतीत तो चटईवर मांडी घालून बसला, बिर्याणी हाताने जेवला आणि मुमताजला एक लाल कागदाचं पाकीट देऊन लवकर उठला, कारण शनिवारच्या पिठाला आंबवण घालायचं होतं.

निरोपाची सकाळ

लग्नानंतर माझ्या हातात बारा दिवस होते. मी अब्रात बसून उगाचच चार वेळा खाडी ओलांडली. भाईंच्या कचेरीतल्या लोकांबरोबर ट्रकच्या हौद्यात बसून वाळवंटात गेले, तिथे ट्रक रुतला आणि आम्ही सगळे, मी चप्पल हातात घेऊन, तो ढकलला. एका बदू बाईने उंटिणीचं दूध दिलं. ते मला खारट लागलं, पण मी वाडगा रिकामा केला. या सगळ्याबद्दल विचारलंत तर सांगेन. पण रोज सकाळी मी जात होते ती भट्टीवरच, आणि निघायच्या दिवसापर्यंत माझे बन फुटेनासे झाले होते.

शेवटच्या सकाळी चाचाने माझ्यासमोर बिस्किटांचा एक गोल डबा ठेवला. कडेने मेणाची पट्टी लावून बंद केलेला.

"बन सात दिवस टिकत नाही. ही तिळाची बिस्किटं टिकतात," तो म्हणाला. "मेईला द्याल? पत्ता झाकणावर आहे. घेतला तर घेतला. नाही घेतला तर तुमी खा."

"काही सांगायचं आहे?"

त्याने फळी पुसली, पुन्हा पुसली. "मी बरा आहे, असं सांगा," तो म्हणाला. "आणि काय सांगणार?"

बोटीवर चढताना मी ट्रंक जाळ्यात टाकली. डबा छातीशी धरून शिडी चढले.

माझगाव

मुंबईला उतरल्यावर मावसभावाकडे सामान टाकून मी तशीच माझगावला गेले. गोदीच्या भिंतीमागे एक दुमजली चाळ, जिन्याखाली अंधारी खोली, दारात शिवणाचं मशीन. मशीनवर पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची चिनी बाई मुलींचा फ्रॉक शिवत होती. मी लाम चाचाचं नाव घेतलं. मशीन थांबलं नाही.

"आम्ही नाही ओळखत," ती म्हणाली. तिचं मराठी भावापेक्षा स्वच्छ होतं.

मी डबा उंबऱ्यावर ठेवला. "त्यांनी सांगितलंय, मी बरा आहे."

"बरा असणारच. स्वतःचं बरं बघायला तर गेला."

मला निघून जायला हवं होतं. पण चाचाची फळी पुसणारी बोटं डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "बाई, ते म्हणाले, भांडून आलो."

आता मशीन थांबलं.

"भांडून?" मेई म्हणाली. "भांडला असता तर बरं झालं असतं. मला काही बोललाच नाही. दुपारी येतो म्हणून गेला. मी दोघांचा भात लावला होता. संध्याकाळी गोदीतल्या एकाने येऊन सांगितलं, तुझा भाऊ बोटीवर चढला." तिने दोरा तोडला. "मी गेले असते असं नाही. मी इथली. पण विचारायला तर पाहिजे होतं."

मी तिला तिच्या भावाचं सांगत गेले. खोली कशी, भट्टी केवढी, पहाटे एकटाच पीठ मळतो, तेराचा पाढा म्हणतो, निकाहाला इस्त्रीचा शर्ट घालून आला, आणि चारशे बनांवर लाल ठिपके दिले.

"ठिपके?" ती म्हणाली. "सळईने?"

"सळईने."

"आमच्या आईची सळई. म्हणजे घेऊन गेला. मी चार महिने शोधली." आणि ती हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलेपर्यंत. मग तिने उंबऱ्यावरचा डबा उचलला, कातरीच्या टोकाने मेण काढलं आणि एक बिस्किट तोडून तोंडात टाकलं. डोळे मिटून बराच वेळ चघळलं.

"तुपात करतो आता," ती म्हणाली. "आणि तीळ जुने आहेत. हलके. एवढं वय झालं, तीळ पारखता येत नाहीत."

"तिकडे चांगले मिळत नसतील."

ती उठली. बिस्किटं एका ताटात काढून झाकली. डबा धुतला, चुलीच्या उबेवर कोरडा केला, मग फळीवरची बरणी उतरवून डब्यात काळे तीळ ओतू लागली. काठोकाठ भरला. जमिनीवर दोनदा आपटला, तीळ खाली बसले, वर आणखी ओतले. झाकण लावलं, फ्रॉकच्या कापडाची एक पट्टी फाडून घट्ट बांधली आणि डबा माझ्या हातात दिला.

"कोणी जाणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा," ती म्हणाली. "संपले की डबा परत कर म्हणावं. आणि रिकामा नको."

आमच्या हर्णैचा एक खलाशी पुढच्याच बोटीने जात होता. डबा त्याच्या हाती दिला तेव्हा मी त्याला बजावलं, शिडी उतरताना हा जाळ्यात टाकायचा नाही.